दुसरं बलावणं

आमच्या सासरच्या माणसांना एक खोड आहे. त्यांना एकदा जेवायला बोलावून भागत नाही. आदल्या दिवशी तुम्ही त्यांच्या घरी जा, आवतन द्या, "चूलबंद आहे बरं का" म्हणून बजावून सांगा, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही. ते हसत हो म्हणतील. पण दुसऱ्या दिवशी पानं मांडून झाली की पुन्हा कुणीतरी त्यांच्या दारात जाऊन "चला, जेवाले चला" म्हणायलाच हवं. हे दुसरं बलावणं. ते आल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. समोरच्या घरातून फोडणीचा वास येतोय, पोटात कावळे ओरडताहेत, तरी हा आपला इस्त्रीचा सदरा घालून दारातल्या खुर्चीवर बसून राहणार. बलावण्याआधी गेला तर हावरट ठरतो आणि बलावणं येऊनही गेला नाही तर माजला म्हणतात.

लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं वेडगळ वाटलं होतं. माझं माहेर नागपुरातलंच, प्रताप नगरचं. आमच्याकडे वेळ सांगितली की माणसं आपापली येत, जेवत आणि जात. सासर काटोलकडच्या एका खेड्यातलं. पुढे शेती वाट्याने देऊन भाऊबंद एकेक करून शहरात आले, हुडकेश्वरच्या एका लेआउटमध्ये जवळजवळ प्लॉट घेऊन त्यांनी घरं बांधली. गाव सुटलं, बलावणं सुटलं नाही. पोरं लहान होती तोवर हे काम त्यांच्याकडे होतं. "जा रे, सगळ्यांकडे सांगून ये" म्हटलं की चपला न घालता पळायची. मग पोरं मोठी झाली, पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली, आणि गुडघे धरून बसलेल्या आमच्यासारख्यांतून दारोदार फिरणार कोण, असा प्रश्न पडला.

तो आमच्या लेकीने सोडवला. एका दिवाळीला तिने सगळ्यांच्या फोनवर ते मेसेजचं ॲप टाकून दिलं आणि 'घरचे' नावाचा गट काढला. भाऊबंदांची बैठक बसली, चहा झाला आणि दुसरं बलावणं गटावर आलं तरी चालेल असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, आमच्या भासऱ्यांनी मान हलवली. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांनी मान हलवली की आमच्याकडे कायदा होतो.

या भासऱ्यांशी मी लग्न झाल्यापासून कधी थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीतच तशी. भासऱ्यापुढे धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, बोलायचं तर तिसऱ्या माणसाच्या तोंडून. तेही फाटकातच खाकरायचे, म्हणजे मी आतल्या आत पदर सावरून घ्यावा. मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात स्वागताच्या खिडकीवर काम करते. दिवसभर बोलते. रांग मोडणाऱ्याला सुनावते, उशिरा येणाऱ्या डॉक्टरांनाही सोडत नाही. घरी आले आणि बाहेर खाकरणं ऐकू आलं की माझी दातखीळ बसायची. मैत्रिणी हसायच्या. मलाही हसू यायचं, पण मोडावं असं कधी वाटलं नाही, कारण आमच्या मध्ये जाऊबाई होत्या.

जाऊबाई म्हणजे भासऱ्यांच्या पत्नी. मी स्वयंपाकघरातून बोलायचे, ते ओसरीवरून बोलायचे आणि दाराच्या चौकटीत उभ्या राहून त्या इकडचं तिकडे सांगायच्या. सांगताना बरंच काही आपल्या पदरचं घालायच्या आणि बरंच काही गाळायच्या. मी म्हणायचे, "म्हणावं, एवढं लोणचं कोण खाणार आहे, फेकायचं का?" त्या बाहेर सांगायच्या, "लोणचं आवडलं म्हणते." आमच्या दोघांत जो काही आदर होता, त्यातला अर्धाअधिक त्यांनीच चौकटीत उभं राहून तयार केलेला होता. हे मला कळत होतं. फार माया होती माझी त्यांच्यावर.

ॲप नवीन होतं तेव्हा गटाच्या वरच्या बाजूला आलेली सूचना मी त्यांना वाचून दाखवली होती. इथले मेसेज कुलूपबंद आहेत, बोलणाऱ्यांशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत, अशी काहीतरी. त्या म्हणाल्या, "कुलूप काहून लावलं वं? आपल्या घरात चोराले नेण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तुमच्या पुरणाची रीत आहे ना." त्या एवढ्या खूश झाल्या की दिवसभर येईल त्याला सांगत सुटल्या.

त्या गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. थोडक्या आजारात गेल्या. चौकट रिकामी झाली आणि माझं आणि भासऱ्यांचं बोलणंच बंद पडलं. उरला तो गट. ते रोज सकाळी गटावर हात जोडलेलं चित्र टाकायचे. मी लिहायचे, "भाऊजी, यांच्या हाती भाजी पाठवली आहे." ते अंगठा टाकायचे. फोनवर डोक्यावर पदर लागत नाही एवढं सुख होतं. बाकी त्या ॲपचे नखरे काही कमी नव्हते. कधी फोटो गोल गोल फिरत राहायचा, कधी "या मेसेजची वाट पाहत आहोत" असं स्वतःच सांगायचं आणि मेसेज काही यायचा नाही, चुलत दिरांनी फोन बदलला तेव्हा तर त्यांच्या दोन वर्षांच्या गप्पा कुठे गेल्या देव जाणे. पण अंगठा यायचा. अंगठा आला म्हणजे भासऱ्यांनी भाजी खाल्ली असं मी धरून चालायचे.

मात्र ते कुणाकडे जेवायला जाईनासे झाले. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे, पंगत बसायच्या आधी निघायचे. मुलगा हैदराबादला चला म्हणायचा, तेही नाही. घरी सकाळी खिचडी लावायची, तीच संध्याकाळी गरम करायची. "एकट्याने काय पंगतीले बसाचं," असं यांना एकदा म्हणाले होते.

वर्षाचं सगळं करून झालं, भाद्रपद जवळ आला आणि महालक्ष्म्यांचा प्रश्न उभा राहिला. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या थोरल्यांच्या घरी बसतात. दोन पितळी मुखवटे, त्यांच्या साड्या, त्यांचा सोळा भाज्यांचा नैवेद्य, सगळं जाऊबाईंच्या हाताखालचं. आता त्या घरात करणार कोण? एका सकाळी भासऱ्यांनी यांना बोलावून घेतलं आणि मुखवटे हाती दिले. जाऊबाईंच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवले होते. म्हणाले, "घेऊन जा गा. जिथं बाई आहे तिथं राहू दे." एवढंच. हे स्कूटरवरून घरी आले ते डोळे पुसत. मी गाठोडं घेतलं, साडी ओळखली आणि मलाही रडू आवरेना.

त्या दिवशीच मी मनाशी ठरवलं. मुखवटे आले, तर आता मुखवट्यांचा धनीही आला पाहिजे. भासरे यंदा महालक्ष्मीला आमच्याकडे जेवले नाहीत, तर पुढे कुठल्याच पानावर बसणार नाहीत, खिचडी खाऊन दिवस काढतील. शिवाय डबा पाठवायची सोय नव्हती. महालक्ष्मीचं अन्न आमच्याकडे उंबरठ्याबाहेर जात नाही. जेवायचं तर तिथे येऊनच. आदल्या दिवशी हे जाऊन रीतसर आवतन देऊन आले. "काय म्हणाले?" मी विचारलं. हे म्हणाले, "बलावणं आलं का पाहू, म्हणाला."

"पाहू म्हणाले की येतो म्हणाले?"

"पाहू."

त्या 'पाहू'वर मी रात्रभर तळमळत होते.

महालक्ष्मीच्या दिवशी प्रताप नगरहून माझी बहीण मदतीला आली. पुरण मीच वाटलं. जाऊबाई सांगायच्या तसं, गूळ घातल्यावर उलथनं उभं राहीपर्यंत आटवायचं, घाई करायची नाही. आंबील, कढी, वडे, भजी, सोळा भाज्यांची एक भाजी, तुपाच्या वाट्या. घरच्या घरी आरती झाली, नैवेद्य दाखवला. हॉलमध्ये पानं मांडली. पहिलं पान भासऱ्यांचं, भिंतीशी, मुखवट्यांच्या समोर. मग मी हात पुसले, गटावर लिहिलं, "पानं मांडली. सगळे जेवायला या," बटण दाबलं, फोन फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवला आणि पोळ्या लाटायला बसले.

कुणीच आलं नाही.

पोळ्यांची चळत वाढत गेली. कढीवर साय धरायला लागली. मी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घराच्या पोर्चमध्ये माझे चुलत दीर नवा कोरा सदरा घालून खुर्चीत बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी हात वर केला, मीही केला. मग ते फोनकडे पाहायला लागले आणि मी आत वळले. मला भयंकर राग आला. बलावणं दिलंय, समोर दिसतंय आणि शिष्टासारखे बसून काय राहिलेत? बहीण म्हणाली, "अवं, मग हाक मार ना त्याले!" मी म्हटलं, "आणखी किती वेळा बोलावू? आवतन दिलं, बलावणं दिलं, आता पालखी पाठवू का?" मला नंतर कळलं की चुलत दीर तेव्हा त्यांच्या बायकोला म्हणत होते, "खिडकीतून पाहून राहिली, पण बलावत काहून नाही? काही कमी पडलं असन."

शेवटी यांनी माझा फोन फळीवरून काढला आणि म्हणाले, "हे तं गेलंच नाही." मेसेजच्या कोपऱ्यात टिक नव्हती. नुसतं बारीकसं घड्याळ.

आता आमचे हे रिटायर माणूस, आणि फोनच्या बाबतीत त्यांना वाटतं की जगात कळतं ते यांनाच. आधी फोन बंद करून चालू केला. मग विमानाचं चित्र दाबलं आणि सोडलं. मग गच्चीवर जाऊन आले. मग म्हणाले, "तुहा रिचार्ज संपला असन." त्यांच्या फोनवरही तेच घड्याळ निघाल्यावर तो मुद्दा बारगळला. मग त्यांनी धीर करून स्वतःच्या फोनवरून ते ॲपच काढून टाकलं आणि नव्याने घातलं. त्याने सहा आकड्यांचा कोड मागितला. कोड काही येईना. हे फोन हातात धरून कोडाची वाट पाहत उभे राहिले. एवढ्यात पुण्याहून लेकीचा साधा फोन आला. "आई, ॲप बंद पडलंय. सगळीकडेच. होईल थोड्या वेळाने सुरू. बाबांना सांग, काही काढून टाकू नका."

"काढून टाकलं," मी म्हटलं.

ती हसली. मला काही हसू आलं नाही. पोळ्या निवत होत्या. मी पदर खोचून सरळ फाटकात गेले आणि ओरडले, "अजी, चला ना जेवाले! ते मेसेजचं बंद पडलं!" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चुलत दीर रस्ता ओलांडून आमच्या फाटकात होते. पाठोपाठ त्यांच्या बायकोने कुलूप लावलं. पुढच्या दोन घरांना त्यांनीच हाक दिली. गल्लीत जणू कुणी धरणाचं दार उचललं. सगळे तयारच बसलेले होते, केस विंचरून, पावडर लावून, उपाशी. एकानेही फोन करून विचारलं नव्हतं, कारण स्वयंपाक झाला का म्हणून विचारायचं म्हणजे जन्माची शोभा.

राहिले भासरे. त्यांचं घर मागच्या गल्लीत, हाकेच्या टप्प्याबाहेर. यांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. हे फोन खिशात ठेवून पानांकडे पाहत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "बंद करून बसला. नाही यायचं त्याले."

"अहो, मग जाऊन तर या."

"कायले? 'पाहू' म्हटलं होतं त्यानं. फोन बंद केला म्हणजे नाहीच म्हटलं ना. जबरदस्तीनं कोणाले जेवू घालत असते का?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस रागावला नव्हता, घाबरला होता. भावाने तोंडावर नाही म्हटलं तर काय करायचं, याला भ्यालेला. एवढा मोठा बाप्या, पण थोरल्या भावापुढे अजून चड्डीतला. माझ्या मात्र अंगात आलं. मी म्हटलं, "तुम्ही पंगत थांबवा. पहिलं पान रिकामं ठेवून कुणी एक घास घेतला तर याद राखा." आणि निघाले. हातांना कणीक, कपाळावर घाम. बहीण मागून म्हणाली, "तू? तू बोलत तं नाही ना त्यायच्याशी?" ते मला फाटकाबाहेर पडल्यावर आठवलं.

मागच्या गल्लीत अजून दोन-तीन प्लॉट रिकामे आहेत. त्यातल्या गवतातून पायवाट आहे, त्यावरून जाऊबाई आणि मी वाटी-डब्यांची ने-आण करायचो. त्या वाटेने जाताना काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. दवाखान्यात दिवसाला शंभर माणसांशी बोलणारी मी, मला दोन शब्द जुळेनात. त्यांच्या फाटकापाशी पोचले, डोक्यावर पदर घेतला आणि अडले. ते मला चाहूल देण्यासाठी खाकरायचे. मी काय करू? दुसरं काही सुचेना म्हणून मी खाकरले. चांगलं मोठ्याने.

पोर्चमध्ये भासरे खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी. पायात चपला. खुर्चीला छत्री टेकवलेली. मांडीवर फोन होता आणि ते त्याचं बटण दाबून धरून बसले होते. फोन बंद करायचे, चालू करायचे, पुन्हा बंद करायचे. कुणीतरी त्यांना कधीतरी सांगितलं होतं म्हणे, बिघडला की असं करायचं. सकाळपासून ते हेच करत होते. आतलं स्वयंपाकघर दारातून दिसत होतं. ओटा पुसलेला, शेगडी कोरडी. चूलबंद.

त्यांनी मला पाहिलं आणि चटकन नजर तुळशीकडे वळवली. मीही तुळशीकडेच पाहत म्हटलं, "भाऊजी, चला जी. जेवाले चला."

ते तुळशीला सांगावं तसं म्हणाले, "फोन बिघडला वाटते, बाई. बलावणं काही आलंच नाही."

"फोन नाही बिघडला. ते ॲपच बंद आहे. सगळ्यांचं."

"असं का?" त्यांनी फोन खिशात ठेवला. "मले वाटलं... आता घरात बाई नाही. चूल हाय का नाही सारखीच. म्हटलं, अशा चुलीले कोण बलावणं धाडते."

चौकटीत उभं राहून हे वाक्य गाळून सांगणारं आता कुणी नव्हतं, ते जसंच्या तसं माझ्यापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "पहिलं पान तुमचं आहे. तुम्ही बसल्याबिगर कोणी जेवत नाही. पोळ्या थंड होऊन राहिल्या आणि सगळे मलाच शिव्या देऊन राहिले असतील." शेवटचं जरा जोरातच निघालं. ते उठले. छत्री घेतली. पायवाटेने ते पुढे आणि मी मागे, अंतर ठेवून, रीतीप्रमाणे.

आम्ही फाटकात शिरलो तेव्हा हे दारातच उभे होते. भावाला पाहून हे पाणी आणायला आत पळाले. पंगत बसली. भासऱ्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, मुखवट्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. पुरणपोळीवर मी तुपाची वाटी उपडी केली, ते नको म्हणाले नाहीत. कुणीही त्यांना आग्रह केला नाही, कुणी जाऊबाईंचं नाव काढलं नाही. चुलत दीर मात्र भूक फुकट गेल्याचा सूड म्हणून अकरा की बारा वडे खाऊन गेले. भासरे हात धुऊन पान खाऊन लवकरच निघाले. जाताना यांना म्हणाले, "पुरण जमलं म्हणा." हे मला सांगायला आत आले. मी दाराआडून ऐकलंच होतं.

दिवेलागणीला बहीण गेली. भांडी घासून झाली होती आणि मी पायरीवर पाय पसरून बसले होते. असं समाधान वर्षात एखाद्या वेळी मिळतं. एवढ्यात आतून टिंग वाजलं. मग समोरच्या घरातून टिंग. मग आणखी टिंग टिंग. माझं दुपारचं घड्याळ सुटलं होतं. "पानं मांडली. सगळे जेवायला या." समोरून चुलत दीर ओरडले, "जेवलो व माय! आता कुठं कोंबू?" सगळी गल्ली हसायला लागली. यांचा कोडही आला एकदाचा. मी फोन मांडीवर ठेवून हसत होते, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं.

भासरे. तोच सदरा, तीच टोपी. हातात फोन, पुढे धरलेला.

हे धावत बाहेर आले. "काय झालं दादा?"

"बलावणं आलं," भासरे म्हणाले.

"ते दुपारचं हाय गा दादा. अटकलं होतं, आता पोचलं."

भासरे फोनकडे पाहत राहिले. हात थोडा खाली आला. मी उठले, पदर घेतला आणि यांना काही बोलू न देता म्हटलं, "आता आलं म्हणजे आताचंच. या जी आत. बसा."

आमच्या ह्यांना काही कळत नाही अशातला भाग नाही, उशिरा कळतं एवढंच. त्यांनी गुपचूप पाट मांडला. या वेळी पंगत नव्हती, मुखवट्यांसमोर एकच पान. मी तव्यावर पोळी गरम केली. भासरे सावकाश जेवले. दुपारी जेवले ते रीतीचं होतं, आता भुकेचं होतं. मध्येच म्हणाले, यांना नाही, मुखवट्यांनाही नाही, मला: "सांजच्याले घर लय मोठं लागते, बाई. दिवसा काही वाटत नाही."

मी "हो जी" म्हटलं. वाटीत आणखी तूप वाढलं.

दुसऱ्या दिवशी काही सण नव्हता. वरण-भात, वांग्याची भाजी. संध्याकाळी पोळ्या झाल्या आणि मी फोन घेतला. गटावर नाही, त्यांच्या एकट्याच्या नावावर लिहिलं: "पान मांडलं. या." वर ती कुलपाची सूचना होतीच. दोन टिका आल्या, मग त्या निळ्या झाल्या आणि थोड्या वेळाने फाटकाशी खाकरणं. त्या दिवसापासून हे रोजचं झालं. आता आम्ही बोलतो. पदर मी अजून घेते, तेही खाकरतात, पण माझी भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणतात. जाऊबाईंनी हे कधी मला पोचू दिलं नसतं. परवा मी भासऱ्यांना लोणच्याचं खरं काय ते सांगून टाकलं. ते टोपी काढून हसले.

त्याच परवाची गोष्ट. संध्याकाळी मेसेज टाकला आणि पाहते तर पुन्हा तेच घड्याळ. टिक नाही. हे लगेच गच्चीकडे निघाले. मी म्हटलं, आता जाऊन बलावून येते, आणि चपलेत पाय घालणार तोच बाहेर खाकरणं ऐकू आलं. भासरे पायरीवर छत्री ठेवत होते.

मला राहवलं नाही. विचारलं, "बलावणं आलं का भाऊजी?"

"नाही," ते म्हणाले आणि पाटाकडे वळले. "पण म्हटलं, येऊनच राहिलं असन."